भयमुक्त बालपणासाठी झटलेल्या ताराबाई

परीक्षेची धास्ती, शाळेचे दडपण किंवा घरातील ताण यांमुळे मिटून गेलेल्या मुलांना चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या आधारे बोलते करणारे उपचार आज शहरी पालकांच्या परिचयाचे होत आहेत. मात्र या उपचारांना नाव मिळून ते येथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी, भ्यालेल्या मुलाला उपदेशाने नव्हे तर गाण्याने आणि मातीकामाने धीर येतो, हे ओळखून ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाची उभारणी केली. त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, शिक्षिका होत्या.

१९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्या काळी स्त्रीसाठी ही दुर्मीळ गोष्ट होती. विवाहानंतर त्या अमरावतीत राहिल्या. परंतु संसार टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी एकटीने पेलत त्यांनी राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. हे स्थैर्य सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. तेथील बालमंदिरात छडी नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. गोष्टी, गाणी, नाटुकली आणि हस्तकाम हाच दिनक्रम होता. शिक्षेचे भय दूर झाले की मूल स्वतःहून शिकू लागते, हा माँटेसरी विचार ताराबाईंनी तेथे प्रत्यक्ष पारखला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभे राहिले.

तरीही हे शिक्षण प्रामुख्याने शहरातील सुस्थित घरांपुरतेच मर्यादित होते. ही उणीव ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. सावकार आणि जमीनदार यांच्या जाचाखाली पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या वारली समाजाचा उठाव याच वर्षी याच परिसरात झाला होता. अशा घरांतील मुलांना शाळा आणि परका माणूस यांचा धाक वाटणे स्वाभाविकच होते.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. प्रथम आंघोळ, केस विंचरणे, मग गाणी आणि गोष्टी. महागड्या माँटेसरी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. ओळखीच्या वस्तू हाताळताना परकेपणा ओसरत गेला. अक्षरांची पाळी त्यानंतर आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर या कार्याचा विस्तार झाला.

१९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. मुळशीच्या डोंगरवाड्यांपासून पालघरच्या पाड्यांपर्यंत आज तो घरोघरी ठाऊक आहे. मात्र गाणे आणि मातीकाम यांना फावल्या वेळाचा विरंगुळा मानून तिसऱ्या वर्षीच मुलाच्या हाती पाटी देण्याची घाई शहरांत वाढली आहे. ताराबाईंचा क्रम याच्या नेमका उलट होता. आधी मुलाची भीती जावी, मग अक्षरे यावीत, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.