गोविंदराव टेंबे: कोल्हापूरच्या या माणसानं पेटीला गायला लावलं, पण रेडिओनं तिलाच दार बंद केलं

जुन्या वाड्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेली पेटी सापडली, तर भंगारात देण्याआधी जरा नीट बघा. खाली पायानं भाता मारायची सोय असेल, तर ती पायपेटी. दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात म्हणून संगीत नाटकवाल्यांना ती फार सोयीची. मग झाकण उघडून आतले पितळी सूर बघा. जर्मनी किंवा पॅरिसचे सूर असतील, तर जाणकार आजही त्यांना मान देतात.

हे वाद्य मुळात परदेशी. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढं ते भारतात आलं आणि आपल्याकडं त्याची 'पेटी' झाली. या पेटीला ज्यांनी मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत ठळक नाव गोविंदराव टेंबे यांचं.

त्यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी ते बहुतेक स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात कान तयार झाला. भास्करबुवा बखले यांच्याकडून गाणं मिळालं आणि शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँ त्यांचं दैवत झाले.

अडचण वाद्यातच होती. पेटीत एका सप्तकाला बाराच पट्ट्या आणि प्रत्येकीचा सूर ठरलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. पण टेंबेंची बोटं अशी फिरायची, की ऐकणाऱ्याला गाणं ऐकल्यासारखं वाटायचं. साथीला बसणारी पेटी त्यांच्या हातात एकटीनं मैफल रंगवू लागली.

१९११ साली आलेल्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्राची भूमिका त्यांनीच केली आणि संगीतही त्यांनीच दिलं.

आणि मग १९४० साल उजाडलं. ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. ठरीव सुरांची ही पेटी आपल्या रागांतल्या श्रुती बिघडवते, असा आक्षेप होता. ज्या वाद्यावर टेंबेंनी हयात घालवली, त्यालाच आकाशवाणीचं दार बंद झालं.

१९५५ साली टेंबे गेले, तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं, तेही काही अटींवर.

आज पेटीच्या स्वतंत्र वादनाला लोक तिकीट काढून जातात. म्हणून म्हटलं, माळ्यावरची पेटी भंगारात देण्याआधी एकदा तिचा भाता हलवून बघा.