डॉ. आंबेडकर व पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती

परळास गिरण्यांचे भोंगे ज्या काळी सर्व वस्तीस पहाटे जागे करीत, त्या काळी तेथील डबक चाळीत एक मुलगा भोंग्याच्याही आधी उठून अभ्यासास बसत असे. राहावयास खोली एकच. तीतच चूल, तीतच जाते, तीतच एक शेळी आणि तीतच सर्वांचे निजणे. मुलगा संध्याकाळी लौकर निजे. त्याचे वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग त्यास उठवीत, व त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. हा मुलगा म्हणजेच पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. त्यांचे समग्र चरित्र ह्या अल्प लेखात सांगण्याचा आमचा मानस नाही. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यासाठी सरकारने आपल्या तिजोरीतून अधिक वाटा काढावा, ह्यासाठी त्यांनी जे यत्न केले, तेवढेच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. साताऱ्यास शाळेत असता भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा प्यावयाचे. शिपाई नसला तर तहान तशीच मारावयाची. ज्या मुलास शाळेत पाणी मिळत नाही, त्यास शाळेचे दार उघडे आहे असे म्हणणे कितपत खरे, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच रुजला असेल.

मुंबईस आल्यावर ते एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकू लागले. सुभेदारांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे; मुलाने पुस्तक मागितले की ते आपल्या विवाहित मुलीकडे जात आणि प्रसंगी तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत. इकडे शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे रोज येणारे विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांची दृष्टी ह्या मुलावर गेली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली व केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. पुढे इंटर झाल्यावर पैशावाचून शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा ह्याच गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे रदबदली केली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शिष्य आपल्या शाळेचा नाही, जातीचा नाही, तरी त्याच्यासाठी दारोदार जाणारा शिक्षक पाहून आम्हा शिक्षकांस आपल्या कर्तव्याची आठवण होते.

पदवी घेतल्यावर महाराजांनीच १९१३ साली त्यांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात धाडिले. पुढे ते लंडनास गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. काही वर्षे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पै पै साठवून ते पुन्हा लंडनास गेले व तो अभ्यास त्यांनी तडीस नेला. पैशाची गाठ सुटली की बुद्धीचा मार्ग कसा खुंटतो, हे त्यांनी असे दोनदा अनुभविले.

मुंबईस परतल्यावर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच त्यांचे बिऱ्हाड राहिले. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरवून त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि पुढील वर्षी तिच्या विद्यमाने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढिले.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. त्या वर्षीच्या १२ मार्च रोजी शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलताना त्यांनी सभागृहापुढे सरकारचेच आकडे मांडिले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्ची घालिते, आणि अबकारी करापायी माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करिते. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. पुढारलेल्या हिंदू वर्गात दर हजार लोकांमागे ११९ मुले प्राथमिक शाळेत आहेत. मागासलेल्या वर्गात फक्त १८.

ह्या आकड्यांवरून त्यांनी काढिलेला निष्कर्ष विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी घ्यावा. जे मुळात समान नाहीत त्यांस सारखेच दिले तर विषमता जशीच्या तशी राहते. म्हणून समता हवी असेल तर मागे असलेल्यास अधिक दिले पाहिजे. घरी दोन भावंडे असून एक आजारातून उठलेले असेल, तर आई दुधाचा पेला कोणापुढे आधी ठेवील? तिला पक्षपाती कोण म्हणेल? हाच न्याय सरकारने शिक्षणाच्या पैशास लावावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

१९२८ साली त्यांनी दलित वर्गाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढून वसतिगृहे चालविली. सरकारी अनुदान पुरेना, तेव्हा निरनिराळ्या समाजांच्या धर्मादाय निधींकडे मदत मागितली. त्याच वर्षी मागासलेल्या वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यास मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमिली. तिचेही ते सभासद होते. १९२९ साली ह्याच कामावर खानदेशात हिंडत असता चाळीसगावास कोणी टांगेवाला त्यांस घेऊन जाण्यास तयार होईना. तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका माणसाने तो हाकला, टांग्यास अपघात झाला व डॉक्टरांचा पाय मोडला. १९३० च्या कमिटीच्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढविण्याची शिफारस आहे. ती पाने वाचताना हा मोडलेला पायही आम्हांस आठवतो.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या वर्षी व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि वर्षास ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या घरांत भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणून जी ओळखली जाते ती हीच, आणि ती आजही चालू आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईस उघडले. तेथील वर्ग सकाळी भरत, जेणेकरून पोटासाठी नोकरी करणाऱ्यासही शिकता यावे. दुर्बल वर्गांच्या शिक्षणाची विशेष काळजी राज्याने वाहावी, असे राज्यघटनेचे ४६ वे कलम सांगते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर, लक्षावधी लोकांच्या साक्षीने, त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. ज्या परळात तो मुलगा रात्री दोन वाजता उठे, तेथून हे स्थळ फार दूर नाही.

शेवटी एक अनुभव सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास आलेली काही मुले मान खाली घालून उभी राहतात, आणि त्यांचे वडील दाराबाहेर थांबतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या मुलांना व त्या पालकांना आमचे सांगणे इतकेच की, हे पैसे भीक नव्हेत. एका विद्यार्थ्यास एके काळी मिळालेल्या पंचवीस रुपयांची त्याने केलेली ही फेड आहे. अर्ज ताठ मानेने भरा, बाबांनो. आणि उद्या मिळवते झालात म्हणजे बागेत एकटाच वाचीत बसलेला एखादा मुलगा दिसला, तर त्याची विचारपूस केल्यावाचून पुढे जाऊ नका.