लक्ष्मणरावांचा नांगर

बेळगावातील एका लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर तयार होऊन पडले होते. नांगर मजबूत होते. लाकडी नांगर जमीन नुसती वरवर उकरी. हे नांगर मात्र माती खोलवर उलथून टाकीत. तरीही ते विकत घ्यायला शेतकरी तयार होईनात. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते व ती नापीक होते, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. पाहता पाहता दोन वर्षे गेली. दुसरा कोणी असता, तर त्याने कारखान्याला कुलूप लावले असते. परंतु कारखान्याचे मालक लक्ष्मणराव किर्लोस्कर निराळ्याच स्वभावाचे होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणी शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे, या दोनच गोष्टींचे त्यांना वेड होते. असा मुलगा पुढे काय करणार, याची घरच्यांना काळजी वाटे. शेवटी थोरल्या भावाच्या मदतीने १८८५ साली ते मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

तेथे त्यांच्यावर एक संकट आले. काही रंगांमधील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असे दिसून आले. चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. पण लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंगांची गरज नसते. त्यांनी ती विद्या शिकून घेतली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. यंत्र कसे चालते, त्याचा कोणता भाग कशासाठी असतो, हे ते तेथे बारकाईने शिकले.

त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली. त्या काळी सायकल ही नवलाची आणि महाग वस्तू होती. लक्ष्मणराव सायकल चालवायला शिकले. मग मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावला पाठवू लागले. तेथे त्यांचे भाऊ रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची ही सुरुवात होती. पुढे ही सुरुवात १८८८ सालची मानली गेली.

नोकरी चांगली चालली होती. दरमहा ठरावीक पगार मिळत होता. पण बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. हा अन्याय मुकाट्याने सोसणे त्यांच्या मानी स्वभावाला पटले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. आता पगार नव्हता; हातात होती ती फक्त कला आणि मनात होती जिद्द.

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यानंतर लोखंडी नांगर तयार केले. नांगर विकले जात नव्हते, तरी त्यांनी धीर सोडला नाही. अखेर काही शेतकऱ्यांनी नांगर वापरून पाहिले. जमीन नापीक झाली नाही, हे त्यांना दिसले. पण नांगराचा फाळ मऊ आहे, लवकर झिजतो, अशी तक्रार आली. लक्ष्मणरावांना राग आला नाही. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि फाळ अधिक कठीण केला. मग मागणी वाढू लागली.

इतक्यात नवे संकट आले. नवीन वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याचा हुकूम नगरपालिकेने दिला. कारखाना न्यायचा कोठे? या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला धावून आले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली. ती जमीन ओसाड होती. जिकडेतिकडे निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० साली लक्ष्मणराव आपले कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे आले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, घरे बांधली आणि कारखाना उभा केला. या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. हीच किर्लोस्करवाडी होय. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. नांगरांबरोबरच पाण्याचे पंप आणि उसाचे चरकही येथे तयार होऊ लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

धंदा करायला पैसा लागतो, हे खरे आहे. लक्ष्मणरावांनाही भावांची आणि राजांची मदत घ्यावी लागली. पण धंदा करण्याची इच्छा पैशातून आली नाही. ती त्यांच्या स्वभावातून आली. यंत्रांच्या वेडाने त्यांना वाट दाखवली, स्वाभिमानाने नोकरी सोडण्याचे बळ दिले, आणि न विकलेल्या नांगरांजवळ दोन वर्षे उभे राहण्याची ताकद दिली ती धीराने. शाळेत ज्या मुलाची सर्वांना काळजी वाटत होती, त्याच मुलाने पुढे शेकडो घरांची काळजी मिटवली.