अंतर्धी राजा : महेंद्र आणि दुर्बलांची राजनीती

कौटिल्याचे नाव आपल्या परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत वारंवार घेतले जाते. मात्र ते बहुधा विजिगीषूच्या, म्हणजे जिंकू पाहणाऱ्या राजाच्या बाजूने. इतिहासाचा विद्यार्थी आणि पुढे प्रशासनात हयात घालवलेला माणूस म्हणून मला ‘अर्थशास्त्रा’ची दुसरी बाजू अधिक उद्बोधक वाटत आली आहे. दोन बलवानांच्या मध्ये असलेल्या दुर्बल राजाला कौटिल्य ‘अंतर्धी’ म्हणतो. अशा राजाने सदैव वाकू नये आणि आततायीपणे लढूही नये, असे त्याचे मत आहे. रक्षण करू शकेल अशा एकाचा आश्रय घ्यावा किंवा दोघांशीही सारखा संबंध ठेवून प्रत्येकाला दुसऱ्याचे भय दाखवावे, हा त्याचा सल्ला. नेपाळचे राजे महेंद्र यांनी हा ग्रंथ समोर ठेवून राज्य केले, असा माझा दावा नाही. त्यांच्या चरित्राला हा सल्ला नेमका लागू पडतो, एवढेच मी म्हणतो.

महेंद्र यांचा जन्म ११ जून १९२० रोजी झाला. सिंहासन शहा घराण्याचे असले तरी सत्ता राणा पंतप्रधानांच्या मुठीत होती. नोव्हेंबर १९५० मध्ये त्यांचे वडील राजे त्रिभुवन यांनी काठमांडूतील भारतीय दूतावासात आश्रय घेतला आणि तेथून दिल्ली गाठली. युवराज महेंद्र सोबत होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये राजकुटुंब परतले, ते दिल्लीच्या मध्यस्थीने. राण्यांची सत्ता संपली. परंतु दरबारात भारतीय सल्लागारांचे वजन वाढले आणि १९५२ मध्ये भारतीय लष्करी पथकही नेपाळमध्ये दाखल झाले. संश्रयाचे मोल काय असते, हे महेंद्र यांनी असे जवळून पाहिले होते.

१३ मार्च १९५५ रोजी ते राजे झाले. १ ऑगस्टला नेपाळने चीनशी राजनैतिक संबंध जोडले आणि १४ डिसेंबरला त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. भारताशी १९५० मध्ये झालेला मैत्रीचा तह मात्र त्यांनी मोडला नाही. एक दार बंद न करता दुसरे उघडायचे, ही त्यांची रीत येथूनच दिसू लागते.

१९५९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या आणि बिश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी महेंद्र यांनी हे सरकार बरखास्त करून कोइरालांना तुरुंगात टाकले. पुढील महिन्यात राजकीय पक्षांवरच बंदी घातली. दिल्ली नाराज झाली. भारतात आश्रय घेतलेल्या नेपाळी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडे सशस्त्र हल्ले सुरू केले. महेंद्र यांनी ऑक्टोबर १९६१ मध्ये चीनशी सीमा करार केला आणि काठमांडूपासून तिबेटच्या सीमेवरील कोदारीपर्यंत चिनी साहाय्याने रस्ता बांधण्याचेही मान्य केले. हिमालय ही आपली संरक्षक भिंत आहे, असे मानणाऱ्या दिल्लीला हा मोठा धक्का होता.

१९६२ च्या शरद ऋतूत रक्सौलजवळ नेपाळचा माल अडला. डाव उलटण्याच्या बेतात असतानाच २० ऑक्टोबरला चीनने भारतावर आक्रमण केले. भारताला आता उत्तरेकडे नाराज शेजारी परवडणारा नव्हता. हल्ले थांबले, कोंडी सुटली. हा केवळ योगायोग होता. परंतु तो साधता येईल अशी जागा महेंद्र यांनी आधीच निर्माण केली होती. पुढे १९६५ मध्ये त्यांनी भारताशी शस्त्रपुरवठ्याचा करार केला आणि १९६९ मध्ये त्यांच्या सरकारने उत्तर सीमेवरील चौक्यांतून भारतीय कर्मचारी मागे घेण्याची मागणी केली. पूर्व-पश्चिम महामार्गासाठी त्यांनी भारत, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन या सर्वांचे साहाय्य घेतले. ३१ जानेवारी १९७२ रोजी भरतपूर येथे त्यांचे निधन झाले.

एवढ्यावरून त्यांना यशस्वी ठरवणे सोपे आहे. पण कौटिल्याच्या मते राज्याची अंगे सात असतात. राजा हे त्यांतील एक. अमात्य आणि जनपद ही त्यापुढची. महेंद्र यांनी परराष्ट्र व्यवहारातील कौशल्याने देशाला अवकाश मिळवून दिला आणि त्याच कौशल्याच्या आडोशाने आपल्या सर्वांत समर्थ अमात्याला आठ वर्षे कोठडीत ठेवले. राष्ट्राची स्वायत्तता आणि सिंहासनाची सुरक्षितता या दोन गोष्टी त्यांनी एकच मानल्या. त्या एक नव्हत्या, हे २००८ मध्ये राजेशाही गेली तेव्हा स्पष्ट झाले. दोन्ही शेजाऱ्यांशी समतोल राखण्याचे धोरण मात्र प्रजासत्ताकानेही सोडले नाही. म्हणजे ते राजाच्या लहरीतून नव्हे, तर भूगोलातून आलेले होते.

आपल्यासाठी बोध येथेच आहे. काठमांडूने बीजिंगकडे पाहिले की आपल्याकडे कृतघ्नतेची भाषा सुरू होते. वास्तविक दोन बलाढ्यांमधील राज्याचा तो स्वभावच आहे. माल अडवून तो बदलत नाही. १९६२ मध्ये बदलला नाही आणि २०१५ च्या नाकेबंदीनंतर तर नेपाळ चीनशी पारगमन करार करून मोकळा झाला. कौटिल्याने साम आणि दान हे उपाय दंडाच्या आधी सांगितले, त्यामागे हाच व्यवहार आहे. विजिगीषूचा अध्याय आपल्याला पाठ आहे. शेजारी जो अध्याय जगतात, तोही आपण वाचायला हवा.