व्हायोलिनवादक मेहली मेहता

व्हायोलिन हे दिसावयास लहान, पण मोठे हट्टी वाद्य आहे. त्यास तारा चारच. परंतु सतारीप्रमाणे पडदे नसल्यामुळे डाव्या हाताचे बोट केसभर सरकले, तरी सूर ढळतो. उजव्या हातातील गज किंचित अधिक दाबला गेला, तर स्वर कर्कश होतो. सैल पडला, तर तो विरून जातो. अशा ह्या वाद्याच्या ध्यासाने मुंबईचे मेहली मेहता संसार व कीर्ती मागे ठेवून सातासमुद्रापलीकडे शिकावयास गेले. त्या वेळी त्यांनी वयाची छत्तीस वर्षे ओलांडली होती!

मेहलींचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे जाणकार थोडे आणि शिकविणारे त्याहूनही थोडे. त्यामुळे मेहलींचा बराचसा अभ्यास स्वतःच्याच बळावर झाला. पुढे १९३५ साली त्यांनी मुंबईत एक मोठा वाद्यवृंद उभारला. ह्या वृंदाचे ते अग्रवादक झाले. शहरात त्यांच्या नावाचा चांगला बोलबाला होता.

एवढ्यावर एखादा सुखाने स्वस्थ बसला असता. परंतु एकट्याने शिकणाऱ्यास एक मोठी अडचण असते. स्वतःच्या हाताचे दोष स्वतःच्या कानांस सहसा कळत नाहीत. ते दाखवून देणारा गुरू हवा. असे गुरू न्यूयॉर्क येथे होते. त्यांचे नाव आयव्हन गॅलमियन.

गॅलमियन हे अर्मेनियन वंशाचे. त्यांचा जन्म इराणातील तब्रीझ शहरी १९०३ साली झाला. म्हणजे ते आपल्या ह्या शिष्याहून अवघ्या पाच वर्षांनी वडील होते. मॉस्को आणि पॅरिस येथे विद्या संपादन करून ते अमेरिकेत स्थायिक झाले होते.

१९४५ साली, महायुद्ध संपले त्या वर्षी, मेहली न्यूयॉर्कला गेले. घरी पत्नी तेहमिनाबाई आणि झुबिन व झरीन हे दोन लहान मुलगे होते. झुबिन नऊ वर्षांचा, झरीन त्याहूनही धाकटा. पुढील काही वर्षे मुलांचा सांभाळ आईनेच केला. मेहलींच्या विद्येची किंमत अशा रीतीने साऱ्या घराने मोजली, हे विसरून चालणार नाही.

गॅलमियन ह्यांची शिस्त कडक होती. बोटांच्या आधी मन तयार झाले पाहिजे, असे ते मानीत. मनाची आज्ञा स्पष्ट असेल, तरच स्नायू ती बिनचूक पाळतात. म्हणून अवघड जागा प्रथम अगदी संथ वाजवावयाची; तेच स्वर निरनिराळ्या लयींत आणि गजाच्या निरनिराळ्या फेकींत पुनःपुन्हा घोटावयाचे. काल ज्याने भरल्या सभागृहात टाळ्या घेतल्या, त्याने आज साधी स्वरसप्तके घोटीत बसावे, हे सोपे नव्हे. मेहलींनी ते केले, आणि एक कसलेला वादक होऊन ते मुंबईस परतले.

१९५५ साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या नामांकित हॅले वाद्यवृंदात त्यांना उपअग्रवादकाचे स्थान मिळाले. चार वर्षांनी ते अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेले व तेथून लॉस एंजेलिस शहरी स्थिरावले. थोरला मुलगा झुबिन ह्याने वैद्यकीचा अभ्यास सोडून १९५४ सालीच व्हिएन्नाची वाट धरली होती. जगप्रसिद्ध संगीतसंचालक झुबिन मेहता ते हेच.

लॉस एंजेलिस येथे मेहलींनी १९६४ साली तरुण वादकांचा एक वाद्यवृंद स्थापन केला. शिकाऊ मुलामुलींकडून ते मोठमोठ्या रचना बसवून घेत. तीन दशकांहून अधिक काळ हे कार्य चालवून १९९८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी संचालकाची काठी खाली ठेवली. १९ ऑक्टोबर २००२ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीताचे धडे देते.