ज्ञानाचे पारखी : अल्बेरुनी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कधी घडले आहे का, आठवून पाहा. गुरुजी फळ्यावर एक गणित लिहितात. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि सगळे माना डोलावतात. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, नेहमी गप्प बसणारा मुलगा वेगळेच उत्तर सांगतो. सगळे हसतात. मग गुरुजी गणित सोडवून दाखवतात आणि मागच्या बाकावरचे उत्तर बरोबर निघते! मुलांचे कोठे चुकले? त्यांनी उत्तर तपासलेच नाही. ते देणारा कोण, एवढेच पाहिले.

ही चूक मोठी माणसेही करतात. आज मी तुम्हांला एका अशा विद्वानाची ओळख करून देणार आहे, ज्यांनी ही चूक टाळण्याचा आयुष्यभर प्रयत्न केला. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी.

अल्बेरुनींचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिज्म प्रदेशातील काथ या शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तान देशात आहे. उर्दूतील बैरून हा शब्द तुम्ही जाणता. बैरून म्हणजे बाहेर. ते शहराच्या बाहेरच्या भागात जन्मले, म्हणून त्यांना बेरुनी म्हणू लागले, असे मानतात. अबू नस्र मन्सूर हे मोठे गणिती त्यांना उस्ताद म्हणून लाभले. गणित, आकाशातील ग्रहतारे, भूगोल, इतिहास, भाषा अशा अनेक विषयांची त्यांना गोडी लागली.

त्या काळी अरस्तू या ग्रीक तत्त्वज्ञाचा दरारा फार मोठा होता. अरस्तूने सांगितले म्हणजे ते खरेच, असे पुष्कळ विद्वान समजत. अल्बेरुनी मात्र तरुणपणीच शंका विचारू लागले. इब्न सीना हे प्रसिद्ध हकीम त्यांच्याहून काही वर्षांनी लहान होते. अल्बेरुनींनी त्यांना पत्रे लिहून अठरा प्रश्न विचारले. त्यांपैकी दहा प्रश्न अरस्तूच्या मतांविषयी होते. एक प्रश्न तर तुमच्या-आमच्या पाहण्यातला होता. बर्फ पाण्यावर तरंगतो, तो का? नाव कितीही मोठे असो, त्या नावामुळे एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे अल्बेरुनींनी ओळखले होते.

आता दुसरी बाजू पाहा. मोठ्या नावाला भुलणे ही जशी चूक, तशीच परक्याचे म्हणून नाकारणे हीसुद्धा चूकच. याविषयी अल्बेरुनींनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. नमाजाच्या वेळा समजाव्यात म्हणून एक यंत्र तयार केलेले होते. सावलीची लांबी ऋतूप्रमाणे बदलते. रमजान महिना कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी हिवाळ्यात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून अशा यंत्रावर चांद्र महिने लिहून चालत नाही, सूर्याच्या गतीनुसार येणारे महिने लागतात. त्या यंत्रावर असे रोमी महिने कोरलेले होते. ते पाहून एक धार्मिक वृत्तीचे गृहस्थ रागावले. रोमी लोक परधर्मी, तेव्हा त्यांचे महिने असलेले यंत्र वापरणार नाही, असे ते म्हणू लागले. त्यावर अल्बेरुनींनी त्यांना सुनावले, की रोमी लोक जेवतात आणि बाजारातही फिरतात. मग या दोन गोष्टींतही त्यांचे अनुकरण करू नका! यंत्र वेळ बरोबर दाखवते की नाही, एवढेच पाहायला हवे होते. महिन्यांची नावे कोणाची, हा प्रश्नच नव्हता.

१०१७ साली गझनीचा सुलतान महमूद याने ख्वारिज्म जिंकले. तेथील विद्वानांबरोबर अल्बेरुनींनाही गझनीला नेण्यात आले. त्या वेळी ते सुमारे ४४ वर्षांचे होते. स्वतःचा मुलूख सुटला, पण अभ्यास सुटला नाही. पुढे त्यांना पंजाबात येण्याची संधी मिळाली. येथे नंदना नावाच्या किल्ल्याजवळ त्यांनी एका डोंगराची उंची मोजली. डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते, तो कोन मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचे उत्तर आजच्या उत्तराच्या बरेच जवळ होते.

हिंदुस्थानातील विद्या समजून घ्यायची, तर संस्कृत शिकणे भाग होते. त्या वयात नवी लिपी आणि नवे व्याकरण शिकणे सोपे नव्हते. शिवाय लोक त्यांच्याशी बोलायला कचरत. याचे कारण अल्बेरुनींनी स्वतःच स्पष्ट लिहिले आहे. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट नष्ट झाली आणि येथील लोकांच्या मनात परक्यांविषयी तिरस्कार भरला, असे त्यांनी नोंदवले. मित्रांनो, गझनीच्या राज्यात राहून असे लिहायला केवढे धैर्य लागले असेल, याचा विचार करा.

सुरुवातीला ते पंडितांसमोर शिष्य म्हणून बसले. पुढे ते पंडितांना गणिताच्या रीती समजावून सांगू लागले. तेव्हा पंडितांना नवल वाटले. हे सारे कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलात, असे ते विचारू लागले. परका माणूस इतके जाणतो, हे त्यांना पटेना. यावर अल्बेरुनी म्हणतात, की येथील जुने विद्वान असे नव्हते. वराहमिहिराने तर ग्रीक लोक परके असूनही त्यांच्या विद्येचा मान राखावा, असे सांगितले होते.

१०३० च्या सुमारास अल्बेरुनींनी हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात ८० प्रकरणे आहेत. तो किताबुल हिंद या नावाने ओळखला जातो. पण त्याचे मूळ नाव लांबलचक आहे. त्या नावात तहकीक, अक्ल आणि मकबूल हे तुमच्या ओळखीचे शब्द आहेत. हिंदुस्थानातील लोकांची मते, मग ती बुद्धीला पटोत वा न पटोत, त्यांची तहकीक, असा त्या नावाचा अर्थ. कोकण आणि त्याची राजधानी ठाणे यांचाही त्यात उल्लेख आहे.

या ग्रंथात त्यांनी पारख कशी केली, ते एका उदाहरणावरून पाहू. ब्रह्मगुप्त या ज्योतिर्विदाला ते फार मोठा मानत. ग्रहण सावलीमुळे होते, हे ब्रह्मगुप्ताला ठाऊक होते. तरीही त्याने राहूच्या समजुतीचा पुरस्कार केला. अल्बेरुनींनी त्याच्या गणिताची स्तुती केली आणि या गोष्टीबद्दल त्याला दोषही दिला. परका म्हणून त्याचे सगळे टाकले नाही, थोर म्हणून सगळे स्वीकारलेही नाही. आणि दोष देण्याआधी समोरच्याचे म्हणणे नीट समजून घेऊन, ते जसेच्या तसे मांडण्याची काळजी घेतली. पतंजलीचा योगावरील ग्रंथ त्यांनी अरबीत आणला तो याच वृत्तीने.

१०४८ च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या घडीची एक गोष्ट सांगतात. एक फकीह त्यांना भेटायला आले. श्वास कष्टाने चालत असतानाही अल्बेरुनींनी त्यांना वारसाहक्काचा एक प्रश्न विचारला. अशा वेळी हे कशाला, असे फकीह म्हणाले. त्यावर, न समजता जाण्यापेक्षा समजून घेऊन जाणे चांगले, असे उत्तर त्यांना मिळाले. फकीहांनी प्रश्न उलगडून सांगितला. ते घराबाहेर पडले तोच आतून रडण्याचा आवाज आला.

मित्रांनो, सोनार सोने घेताना ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. ते राजाच्या घरून आले की गरिबाच्या, हे दगडाला कळत नाही. तुमच्याजवळही बुद्धीचा असाच दगड आहे. उद्या मागच्या बाकावरून कोणी उत्तर सांगितले, तर हसण्याआधी वही उघडा आणि ते गणित एकदा स्वतः करून पाहा. मात्र पहिल्या बाकावरून उत्तर आले, तरीही तेच करा.