तुमच्या एसीतला केल्विन

मे महिना. मालवणच्या घामाने शर्ट पाठीला चिकटलाय. परीक्षा देऊन तुम्ही घरी येता, रिमोट उचलता आणि एसी थेट १६ वर टाकता. खोली झटकन गार होणार, असा तुमचा हिशेब. तो कुठे चुकतो, हे ज्यांच्यामुळे कळतं ते लॉर्ड केल्विन घराघरात एसी येण्याच्या कितीतरी आधी गेले.

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४, बेलफास्ट. आई लहानपणीच गेली, वडील गणिताचे प्राध्यापक. हा पोरगा दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि बाविसाव्या वर्षी तिथेच प्राध्यापक! १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. त्या मापाचं शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस.

१८५२ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. घर ऊबदार करायला कोळसा जाळलाच पाहिजे असं नाही. यंत्राने बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून आत आणता येते. उलट चालवा, घर गार होतं. हाच हीट पंप. पण कोळसा स्वस्त होता, कल्पना कागदावरच राहिली.

आता तुमच्या विहिरीवरचा पंप आठवा. पाणी जितकं खोल, तितकी वीज जास्त. एसीचंही तसंच. आतलं आणि बाहेरचं तापमान जितकं लांब, तितकी उष्णता उपसायला मेहनत जास्त. रिमोटवरचा आकडा थर्मोस्टॅटला फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. म्हणून १६ लावलं तरी खोली २४ वर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच, की एसी तिथे थांबत नाही. बिलही थांबत नाही! भारतात २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसींना सुरुवातीचा आकडा २४ ठरवलाय, तो उगाच नाही.

मग करायचं काय? २४-२५ लावा, पंखा चालू ठेवा आणि पहाटेचा टायमर लावून झोपा. आंबोलीच्या थंडीत गरम हवेचा एसी लावलात, तरी नियम तोच: आकडा उगाच चढवू नका.

केल्विन १८९९ मध्ये, ५३ वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातलं. १९०७ मध्ये ते गेले. पंचाहत्तरीला ते शिकायला तयार होते; तुम्हाला तर फक्त एक बटण दाबायचंय.